म्हैसूरचे मागील दार

मनुष्य घर बांधतो आणि पुढे ते घरच त्याच्या वागण्याला वळण लावते. म्हैसूर शहराच्या इतिहासात या गोष्टीचा प्रत्यय ठळकपणे येतो.

१८९६ साली मुंबईत शिरलेली प्लेगची साथ दोन वर्षांत म्हैसूर संस्थानात पोहोचली. त्या काळी म्हैसूरची जुनी वस्ती किल्ल्यात व त्याच्या आसपास दाटीने वसलेली होती. तेथील ‘तोट्टी मने’ म्हणजे आपल्याकडील चौकाच्या वाड्याचेच भावंड. चौकामुळे घरात उजेड येई. परंतु भिंतीला भिंत लागलेली आणि सांडपाण्याला वाट नाही, अशा ठिकाणी एकट्या चौकाने काय साधणार? रोग दूषित हवेने पसरतो, असा पुष्कळांचा समज होता. उंदरांच्या अंगावरील पिसवा तो पसरवितात, असे फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली प्रतिपादिले. ते सर्वमान्य होण्यास मात्र काही वर्षे लागली. निदान अपुरे असले तरी उपाय अगदीच चुकला नाही; कारण अंधारी, दाटीची घरे उंदरांनाही सोयीची असतात.

मुंबईत १८९८ साली नगरसुधारणेचे मंडळ निघाले होते. म्हैसुरात १९०३ साली तसाच ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड’ स्थापन झाला. रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहती आखण्यात आल्या. दिवाण पूर्णय्या यांनी कावेरीचे पाणी आणण्यासाठी खोदविलेला कालवा फसून शहराचे गटार बनला होता. तो बुजवून झालेल्या रस्त्याला आज बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव आहे.

या नव्या आखणीत घरांच्या दोन रांगांमधून एक अरुंद गल्ली जाई. पुढच्या दाराशी रस्ता, झाडे, पाहुणे. मागच्या दाराशी मैला उचलणारा माणूस. घरात स्वच्छता आली, दुर्गंधी दूर झाली. पण ज्याच्या कष्टावर ती स्वच्छता उभी होती, तो घरातल्यांच्या दृष्टीआड झाला. जातीने घातलेली सीमा नकाशात पक्की झाली. कोणी मुद्दाम कठोर व्हावे लागले नाही. ते काम गल्लीनेच केले.

याच्या उलट, १९२० नंतरच्या मुंबईतील बी. डी. डी. चाळींत एका खोलीत सारे कुटुंब आणि बाकीचे बरेचसे सामाईक. तेथे गैरसोय अपार होती; परंतु शेजाऱ्याकडे पाठ फिरविणे कठीण होते.

देशातील स्वच्छ शहरांच्या पाहणीत २०१५ व २०१६ साली म्हैसूर पहिले आले. हाताने मैला उचलविण्यास १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी बंदी केली आहे. त्या गल्ल्यांपैकी अनेक अजून शिल्लक आहेत. कायदा एका दिवसात अमलात येतो. भिंतींनी लावलेली सवय मोडण्यास पिढ्या लागतात. म्हणून घराचा नकाशा काढताना एक प्रश्न अवश्य विचारावा : याच्या मागील दाराशी कोण उभे राहणार आहे?