गादी, गाठ आणि सुरी

मणक्यातली गादी सरकली, हे वाक्य आज घरोघरी ऐकू येते. शंभर वर्षांपूर्वी मात्र डॉक्टरांनाही त्याचा पत्ता नव्हता. 1908 साली बर्लिनमध्ये ओपनहाइम आणि क्राउझ या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या मणक्यातून एक तुकडा काढला आणि रुग्णाला आराम पडला. तो तुकडा त्यांना कूर्चेची गाठ वाटला.

कोडे सुटले बोस्टनमध्ये. मेंदूशल्यचिकित्सक विल्यम मिक्स्टर आणि अस्थितज्ज्ञ जोसेफ बार यांनी अशा ‘गाठी’ पुन्हा तपासल्या. बऱ्याच गाठी म्हणजे फुटून बाहेर आलेली गादीच होती! 1934 साली त्यांचा लेख छापून आला आणि पायात कळ उतरणाऱ्या रुग्णांना शस्त्रक्रियेची वाट मोकळी झाली.

पण सुरीचा गुण किती काळ टिकतो?

ऑस्लोच्या हेन्रिक वेबर यांनी 126 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली: काहींवर शस्त्रक्रिया, उरलेल्यांवर साधे उपचार. 1983 मध्ये त्यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला. पहिल्या वर्षी शस्त्रक्रियेचे पारडे स्पष्टपणे जड होते. चौथ्या वर्षी फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नव्हता.

2007 मध्ये नेदरलँड्समधल्या 283 रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वेदना लवकर शमल्या. आधी शस्त्रक्रियेविना थांबलेल्या गटातल्या 39 टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. तरीही वर्षअखेर दोन्ही गटांत सुमारे 95 टक्के रुग्ण बरे झाले होते.