पडद्यावरील पहिल्या मायलेकी

त्या काळी मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करीत. १९१३ साली दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती शोधूनही मिळेना, अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून उभे राहिले. जर्मनीत त्याच सुमारास हेनी पोर्टेन या मूकपटांच्या अभिनेत्री म्हणून लौकिकास चढत होत्या.

त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, आणि त्यांची कुमारवयीन कन्या कमला मोहिनी. पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाई नाटकांत कामे करून मुलीला वाढवीत होत्या. हे धाडस पोटासाठी होते. त्याने वाट लगेच मोकळी झाली नाही. १९१७ च्या ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या.

पुढे कमलाबाईंचा विवाह नट रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. ऐन तारुण्यात वैधव्य आले, तरी त्यांनी रंगभूमी सोडली नाही. तिच्याच आधारे मुलगे वाढविले. चंद्रकांत नट झाले, लालजी व सूर्यकांत तबलावादक. विक्रम गोखले हे नातू. या घराण्याचा लौकिक आपण कौतुकाने सांगतो. त्याचा पाया दोन एकाकी मातांच्या कष्टांनी घातला, हेही सांगावयास हवे.