तीन नंबरचा बावटा

आमच्या घरी दर जूनमध्ये एक विनोद ठरलेला असायचा. बाबा सकाळी पेपर वाचता वाचता म्हणायचे, "वेधशाळेने आज पाऊस सांगितलाय. छत्री ठेव घरी, उगाच ओझं नको." आम्ही हसायचो. पुण्यात वाढलेल्या बहुतेक मंडळींनी हा विनोद ऐकलाय, आणि पुढे आपला स्वतःचा म्हणून खपवलाय. मीसुद्धा.

पुण्याला तसा हक्कही आहे म्हणा. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, पुढे १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलं. इमारत इथेच राहिली आणि नावही. आमच्या टीममध्ये कानपूरहून आलेला एक मुलगा कित्येक महिने समजत होता की 'शिमला ऑफिस' हे आइस्क्रीमचं दुकान असणार! :-)

तर झालं असं की परवा जेवणाच्या टेबलावर पुन्हा तोच विषय निघाला. रेड अलर्ट दिला, शाळांना सुट्टी दिली आणि दिवसभर लख्ख ऊन. हा अनुभव आता सगळ्यांनाच आलाय. "यांना काही कळत नाही यार, उगाच घाबरवतात," असं एकजण म्हणाला. मी नेहमीप्रमाणे बाबांचा विनोद काढणार होतो, पण या वेळी तोंडातच राहिला. मला २०१७ चा डिसेंबर आठवला.

ओखी आठवतंय का? ऐन थंडीतलं वादळ. नाव बांगलादेशने सुचवलेलं, अर्थ डोळा. २९ नोव्हेंबर २०१७ ला श्रीलंकेजवळ कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला आणि दुसऱ्याच दिवशी, ३० तारखेला, कन्याकुमारीजवळ त्याचं चक्रीवादळ झालं. एवढ्या झटपट. केरळ आणि तमिळनाडूचे मच्छीमार त्याआधीच खोल समुद्रात गेलेले होते. या बोटी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येत नाहीत, त्या कित्येक दिवस बाहेर असतात. शेकडो माणसं मेली किंवा बेपत्ता झाली.

मग वाद पेटला. केरळ सरकारचं म्हणणं, चक्रीवादळ येतंय हे आम्हाला ३० तारखेच्या दुपारी कळलं. हवामान खात्याचं म्हणणं, समुद्रात जाऊ नका हे आम्ही आधीपासून सांगत होतो. गंमत (गंमत कसली...) अशी की दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं. पत्रक निघालं होतं, पण त्यात 'चक्रीवादळ' हा शब्द नव्हता. आणि तो असता तरी आधीच समुद्रात असलेल्या माणसाला जाऊ नका सांगून काय उपयोग? तिथे मोबाइलला रेंज नसते.

इकडे वादळ लक्षद्वीपवरून उत्तरेला वळलं. देवगडपासून आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला केरळ-तमिळनाडूच्या ६८ बोटी लागल्या, त्यांवर ९५२ मच्छीमार. ओखी मुंबई-गुजरातकडे येतंय म्हणून ५ डिसेंबरला मुंबई, ठाणे, रायगड, पालघर आणि सिंधुदुर्गातल्या शाळांना सुट्टी दिली. पुण्यातही दिवसभर ढगाळ, गारठा आणि भुरभुर. आम्ही ऑफिसात कांदाभजी मागवली होती. महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला आलेल्या लोकांचे मात्र हाल झाले. शिवाजी पार्कवरचे मांडव भिजले आणि त्यांची सोय जवळपासच्या महापालिका शाळांत करावी लागली. वादळ समुद्रातच विरत गेलं आणि सुरतजवळ पोचेपर्यंत त्यात दम उरला नव्हता.

आणि ६ तारखेला आमच्या ऑफिसात काय चर्चा? "उगाच सुट्टी दिली. नुसता पाऊस तर पडला."

म्हणजे बघा, वादळ एकच, खातं तेच, आठवडाही तोच. दक्षिणेत तक्रार की सांगितलं नाही, आणि आमच्याकडे तक्रार की का सांगितलं. त्याच वर्षी जुलैमध्ये बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी पोलिसांत हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली होती. चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरलं आणि पाऊस गेला दडी मारून. बियाणं-कीटकनाशकांच्या कंपन्यांशी संगनमत असल्याचा आरोप होता. तो वाचून मी हसलो होतो. ज्याचं बियाणं मातीत गेलं, तो हसला नसणार.

हा वाद जुना आहे. अगदी पहिल्या अंदाजाइतका जुना. डार्विनला जगभर फिरवणाऱ्या 'बीगल' जहाजाचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय पुढे ब्रिटनच्या नव्या हवामान विभागाचा प्रमुख झाला. ऑक्टोबर १८५९ मध्ये मेलबर्नहून लिव्हरपूलला येणारं 'रॉयल चार्टर' हे जहाज घराच्या उंबऱ्यावर येऊन वादळात फुटलं, सुमारे ४५० माणसं गेली. फिट्झरॉयचं म्हणणं, हे वादळ येताना तारेने कळवता आलं असतं. त्याने किनाऱ्यावरच्या ठाण्यांहून तारेने निरीक्षणं मागवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी १८६१ पासून बंदरांना इशारे देऊ लागला. इशारा आला की बंदरातल्या काठीवर कॅनव्हासचे शंकू आणि ढोल चढवायचे. ऑगस्ट १८६१ पासून लंडनच्या टाइम्समध्ये रोजचा अंदाजही येऊ लागला. 'फोरकास्ट' हा शब्द हवामानाला त्यानेच चिकटवला, कारण त्याला 'भविष्य' म्हणायचं नव्हतं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. अंदाज चुकले की लोक हसायचे. अंदाज चुकले तर जबाबदारी आमची नाही, असं खुद्द टाइम्सनेच छापलं. मासेमारी बोटींचे मालक चिडले, कारण शंकू चढला की बोटी बंदरात अडकायच्या. शास्त्रज्ञ म्हणाले, याला सिद्धांताचा आधार नाही. ३० एप्रिल १८६५ ला फिट्झरॉयने आत्महत्या केली. त्याची कारणं अनेक होती, सगळं खापर अंदाजांवर फोडणं बरोबर नाही. त्यानंतर फ्रान्सिस गॉल्टनच्या समितीने कामाची तपासणी केली आणि डिसेंबर १८६६ मध्ये इशारेही बंद झाले.

मग ओरडा कुणी केला? बंदरातल्या लोकांनी! ज्यांचे जीव त्या शंकूवर अवलंबून होते त्यांना तो चुकतमाकत का होईना, हवा होता. वर्षभरात इशारे पुन्हा सुरू करावे लागले. पेपरमधले अंदाज मात्र १८७९ पर्यंत परत आले नाहीत.

आपल्याकडेही तोच काळ. ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळात कलकत्ता आणि हुगळीच्या मुखाशी पन्नास हजारांहून जास्त माणसं मेली. त्यानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी इशाऱ्यांची पद्धत सुरू झाली आणि १८७५ मध्ये हवामान खातं निघालं. म्हणजे आपलं हवामान खातं पावसाच्या अंदाजाइतकंच वादळाच्या भीतीतूनही जन्मलं.

तेच शंकू आणि ढोल पुढे आपल्या बंदरांवर चढले. कोकणात त्याला बावटा म्हणतात. "बंदरात तीन नंबरचा बावटा लागलाय" हे वाक्य माझ्या आजोळी मी लहानपणापासून ऐकलंय. एक आणि दोन म्हणजे वादळ लांब समुद्रात. तीन-चार म्हणजे बंदराला त्रास होऊ शकतो, सावध राहा. पाचपासून दहापर्यंत धोका वाढत जातो. आणि अकरा? अकरा नंबर म्हणजे इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटलाय आणि इथल्या अधिकाऱ्याच्या मते काहीतरी वाईट येतंय. मला हा अकरा नंबर भयंकर आवडतो. सर्व्हरकडून काहीच निरोप येत नाही, हाही एक निरोपच असतो, हे आमच्या धंद्यात यायच्या कितीतरी आधी या लोकांना कळलं होतं.

धंद्यावरून आठवलं. एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिथे एक अलर्ट रोज रात्री दोन वाजता वाजायचा. डिस्क भरत आल्याचा. रोज उठून बघायचो, काही नसायचं, बॅकअप चालू असताना तात्पुरती भरायची. महिनाभराने मी तो अलर्ट बंद करून टाकला. थ्रेशोल्ड बदलायचा कंटाळा केला, सरळ बंद. पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल... सकाळी सात वाजता मॅनेजरचा फोन आला तेव्हा सिस्टिम पाच तास झोपलेली होती. चूक सर्वस्वी माझी. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण त्या पोराला शहाणपण शिकवायला सांगतो. पण लांडगा शेवटी खरंच आला होता आणि मेंढ्या गावाच्याच होत्या, हे सांगायला विसरतो.

थ्रेशोल्ड खाली ठेवला तर खोटे अलर्ट वाढतात, वर ठेवला तर खरे निसटतात. दोन्ही एकदम शून्य करता येत नाहीत. प्रश्न एवढाच की कुठली चूक कुणाला परवडते. माझी भरपाई एका रविवारी काम करून झाली. समुद्रावर ती तशी होत नाही.

हे मला नीट कळलं ते हर्णैला, २०१० च्या दिवाळीत. त्याच्या आदल्या वर्षी, ११ नोव्हेंबर २००९ ला, फयान वादळ कोकण किनाऱ्याला घासत येऊन अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये धडकलं होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कित्येक मच्छीमार परत आलेच नाहीत. मामाच्या ओळखीचे एक तांडेल होते, त्यांची बोट जयगडच्या खाडीत शिरली म्हणून वाचली. मी शहाण्यासारखं विचारलं, "काका, रेडिओवर सांगितलं होतं ना?"

ते म्हणाले, "सांगितला होता. त्याच्या आधी दोन वेळा पण सांगितला होता. दोन्ही वेळा आम्ही बोट बांधून बसलो. बर्फ भरलेला, डिझेल भरलेला, खलाश्यांचा खाणा चालू. वादळ नाय आला. ते पैसे कुणी दिले? वेधशाळेनं?"

मी गप्प. मग तेच म्हणाले, "पण बावटा काढून टाका असा आमच्यातला कुणी म्हणायचा नाय हां."

हा दीडशे वर्षांपूर्वीच्या बंदरांचाच मुद्दा. ज्याला चुकलेल्या इशाऱ्याची खरी किंमत पडते, तो इशारा बंद करा म्हणत नाही. बंद करा म्हणतो तो कोथरूडात कांदाभजी खाणारा. म्हणजे मी.

आता एक चांगली बाजू. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं मेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं होतं आणि बळींचा आकडा पन्नासच्या आत राहिला. अंदाज सुधारले हे खरंच, पण निवारे बांधले, गावोगाव सराव झाले आणि लोक हलले, हेही तितकंच खरं. ओखीनंतरही २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला चक्रीवादळ इशारा केंद्र सुरू झालं, आणि रेंजबाहेरच्या बोटींपर्यंत उपग्रहावरून निरोप पोचवण्याच्या कामाला वेग आला.

उलट बाजूही बघा. मे २०२१ मध्ये तौक्ते येतंय हे कितीतरी दिवस आधी सांगितलेलं होतं. इशारा वेळेवर होता, बरोबर होता, तरी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाची बार्ज समुद्रातच राहिली. १७ मे ला ती बुडाली आणि साठाहून जास्त माणसं गेली. इथे वेधशाळेला हसायची सोय नव्हती. इशारा पोचला होता, फक्त बार्ज बंदरात परत आली नाही. काम थांबवण्याचे पैसे पडतात. पुन्हा तोच बर्फ आणि डिझेल, फक्त आकडा मोठा.

म्हणून मला वाटतं, इशारे जास्त की कमी यावर भांडण्यात फारसा अर्थ नाही. आपण हवामान खात्याकडून खात्री मागतो, ती त्यांच्याकडे नसते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा, एवढंच ते रंग सांगतात. आमच्या गल्लीत पाऊस पडेल असं वचन त्यात नसतं. भांडायचंच असेल तर याच्यावर भांडूया की वादळ आलं नाही त्या दिवसाची मजुरी कुणी द्यायची. कुणी का होईना, ती दिली गेली तर तांडेल तिसऱ्या वेळीही बोट बांधून बसेल. नाहीतर आपण त्याला दर वेळी जुगार खेळायला लावतो, आणि हरला की म्हणतो, सांगितलं होतं ना!

असो. जेवणाच्या टेबलावर एवढं सगळं बोललो नाही, डबा गार झाला असता. फक्त ओखीच्या वेळच्या भज्यांची आठवण करून दिली. कानपूरवाला म्हणाला, "मला तर तो दिवस मस्त वाटला होता." मलाही वाटला होता. तेच तर...

बाबा आता पंचाहत्तरीला आलेत. विनोद अजून तोच आहे, आणि मी अजून हसतो. पण गेल्या पावसाळ्यात लक्षात आलं, 'छत्री ठेव घरी' म्हणून झाल्यावर ते स्वतः बाहेर पडताना दाराजवळची छत्री गुपचूप काखेत मारतात. मी विचारलं तर म्हणाले, "अरे, भिजलो तर सर्दी मला होणार ना, वेधशाळेला थोडीच!"