तेहतीस फुटांची साखळी

'फक्त एक गुंठा, 1089 चौरस फूट, हायवे टच.' प्लॉटिंगच्या अशा जाहिराती इन्स्टाग्रामवर रोज दिसतात. यातला 1089 हा आकडा मला फार दिवस खुपत होता. सरळ हजार का नाही? मग एकदा वर्गमूळ काढून पाहिलं, तर बरोब्बर 33 आलं. गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद असा चौकोन. असे चाळीस चौकोन म्हणजे एक एकर.

आता हे 33 फूट कुठून आले? एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1620 च्या सुमारास जमीन मोजायला 66 फुटांची साखळी वापरात आणली. मुंबई इलाख्याच्या मोजणी खात्याने तिची निम्मी, म्हणजे 33 फुटांची साखळी घेतली आणि तिचे शंभर दुवे न करता सोळा भाग केले. प्रत्येक भाग म्हणजे एक आणा. रुपयाचे आणे सोळा, तसे साखळीचेही सोळा. खेड्यातला माणूस सगळे हिस्से आण्यांतच मोजत होता, त्यामुळे हा निर्णय मला हुशारीचा वाटतो. 

साखळीच्या आधी काठी होती. शिवकालात पाच हात पाच मुठींची काठी होती, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. पण काठीने क्षेत्र कळतं, हद्द कळत नाही. दोन गावांमध्ये शिवेवरून भांडण लागलं, की गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या, महजर लिहिला जायचा. कधी दिव्य करावं लागायचं, म्हणजे शपथ घेऊन, डोक्यावर माती घेऊन कुणीतरी शीव चालून दाखवायची. हे चालणं पुष्कळदा गावच्या महाराच्या वाट्याला यायचं, कारण शीव माहीत असणं हे त्याच्या वतनाचं कामच होतं. चालताना चूक झाली, तर कोप त्याच्यावर. गावातली जमीन ज्याच्या नावावर जवळजवळ नव्हती, त्यालाच तिच्या कडा सगळ्यांत पक्क्या ठाऊक असाव्या लागत. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढे सरकलो नाही.

पेशवाई 1818 मध्ये संपली आणि कंपनी सरकारला पहिला प्रश्न पडला तो साऱ्याचा. रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्याने 1820 च्या दशकाच्या शेवटी पुणे जिल्ह्यात मोजणी सुरू केली. हा माणूस पुस्तकी अर्थशास्त्र शिकून आलेला. त्याचं सूत्र असं: शेताचं उत्पन्न काढा, खर्च वजा करा, जे निव्वळ उरेल त्याचे 55 टक्के सरकारचे. कागदावर अगदी स्वच्छ. मी डेटाबेसचं काम करतो, त्यामुळे अशा सूत्रांचं काय होतं ते रोज बघतो. आत येणारे आकडेच खोटे असतील तर सूत्र कितीही सुंदर असो, उपयोग शून्य. कोरडवाहू शेताचा निव्वळ नफा काढायचा कसा, आणि कुणाला विचारून? मोजणी करणाऱ्यांनी चिरीमिरी घेऊन आकडे फिरवले, सारा डोईजड झाला, आणि इंदापूर तालुक्यात लोक जमिनी पडीक टाकून गाव सोडायला लागले.

त्याच इंदापुरात 1835-36 मध्ये हेन्री गोल्डस्मिड आणि जॉर्ज विंगेट यांनी काम नव्याने हाती घेतलं. गोल्डस्मिड मुलकी अधिकारी, विंगेट लष्करातला इंजिनियर. त्यांनी नफ्याचा हिशेब सोडून दिला आणि जे डोळ्यांना दिसतं, खणून बघता येतं, तेवढंच मोजायचं ठरवलं. मातीचा रंग कोणता, थर किती हात खोल, त्यात चुनखड आहे का, वाळू आहे का, शेत उताराचं आहे का, उपळट आहे का. प्रत्येक दोषाला एक खूण, आणि खुणेमागे जमीन एक प्रत खाली. एकूण नऊ प्रती, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत. एक बैलजोडी कसू शकेल साधारण तेवढ्या जमिनीचा एक सर्व्हे नंबर. सारा तीस वर्षांसाठी ठरलेला. पुढे 1847 मध्ये या पद्धतीचे नियम एकत्र झाले आणि ती मुंबई इलाखाभर पसरली.

प्रत्यक्ष मोजणी शंकू-साखळीने व्हायची. शेतात आरपार एक लांब सरळ रेषा धरायची. तिच्यावर साखळी टाकत पुढे जायचं. बांधाला जिथे वळण असेल तिथे शंकूने काटकोन साधून रेषेपासून बांधापर्यंतचा लंब मोजायचा आणि कागदावर टिपायचा: इतक्या साखळ्या, इतके आणे. या कच्च्या आकृतीचं नाव टिपण. शेताचे त्रिकोण आणि चौकोन पडले, की क्षेत्र काढायचं काम गुणाकार बुकात. टिपण प्रमाणात काढलेलं नसतं, ते नकाशासारखं दिसत नाही. शाळेच्या वहीतल्या भूमितीच्या रफ आकृतीसारखं दिसतं. तरी आजही तुमच्या शेताच्या हद्दीचा शब्द शेवटी त्याच आकृतीपाशी जाऊन थांबतो.

या टिपणात काय नाही, हे बघणं जास्त महत्त्वाचं. अक्षांश-रेखांश नाहीत. म्हणजे शेत पृथ्वीवर नक्की कुठे आहे ते टिपण सांगत नाही. शेताचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यापासून किती लांब, एवढंच सांगतं. आमच्या भाषेत बोलायचं तर सगळे पत्ते रिलेटिव्ह, ॲब्सोल्यूट एकही नाही. ज्या दगडापासून मोजायला सुरुवात केली तो हलला, की टिपण बरोबर राहूनही अधांतरी.

आणि दुसरी नसलेली गोष्ट म्हणजे मालक. सरकारला सारा कोण भरणार एवढंच हवं होतं, म्हणून प्रत्येक नंबरापुढे एक खातेदार लिहिला. त्या शेतात भावांचे हिस्से किती, गहाण कुणाकडे, कसतो कोण, यातलं काही नोंदवायची पद्धत नव्हती. हक्कनोंदीचा कायदा आला 1903 मध्ये. इंदापूरच्या मोजणीनंतर तब्बल 67 वर्षांनी! तोवर जमिनीला नंबर होता, क्षेत्र होतं, आकार होता, पण हक्कांची वही नव्हती.

मधल्या काळात काय झालं ते आपल्याला शाळेत दोन ओळींत उरकून शिकवतात. जमिनीला नेमकं वर्णन मिळालं, ती नावावर झाली, विकता यायला लागली. म्हणजेच गहाणही टाकता यायला लागली, आणि सावकाराला कोर्टातून हुकूमनामा आणून ती घेताही यायला लागली. 'सर्व्हे नंबर अमुक, क्षेत्र तमुक' एवढं लिहिलं की परगावच्या न्यायाधीशाला शेत बघावंही लागत नाही. सावकाराच्या हाती फार बळ चाललंय, हे खुद्द विंगेटने 1852 मध्येच लिहून ठेवलं होतं. 1867 मध्ये इंदापूरची तीस वर्षं संपून फेरआकारणीत सारा वाढला. कापसाच्या तेजीचा काळ ओसरला होता. मे 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे बाहेर काढून जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्या वेळी बहुतेक ठिकाणी रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. लोकांना नेमकं कळलं होतं की जमीन शेतातून जात नाही, कागदावरून जाते.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. हक्कनोंद आली, मग पोटहिस्से मोजले गेले, त्यांची फाळणी झाली. 1947 मध्ये तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. त्यातून सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. हेतू चांगला होता, विखुरलेले तुकडे एकत्र करायचे. पण बऱ्याच गावांत हे एकत्रीकरण शेतापेक्षा कागदावर जास्त झालं. वहिवाट एकीकडे, गट दुसरीकडे. आज कोर्टकचेऱ्यांत अडकलेली निम्मी भाऊबंदकी मला तिथून आलेली वाटते, अर्थात हा माझा अंदाज.

मग मेट्रिक पद्धत आली. सातबाऱ्यावर हेक्टर, आर, चौरस मीटर. गावात बोलणं अजून एकर-गुंठ्यांतच. आर म्हणजे गुंठाच असं सर्रास धरतात. तसं नाही. आर 100 चौरस मीटरचा, गुंठा 101.17 चौरस मीटरचा. एका गुंठ्याला फरक किरकोळ. पण दहा एकर म्हणजे 400 गुंठे, आणि आरमध्ये 404.69. वाटणी करताना कुणी आर आणि गुंठा एकच धरले, तर जवळपास पावणेपाच आर, म्हणजे पाच हजार चौरस फुटांहून जास्त जागा हिशेबातून गायब. त्यात कोणाची लबाडी नाही, फक्त युनिट चुकलं. प्रोग्रामिंगमध्ये याला बग म्हणतात, गावात याला भाऊबंदकी म्हणतात.

सातबारा मोबाइलवर मिळायला लागल्यापासून माझ्या पिढीला वाटतं की प्रश्न सुटला. मूळ नाव बघा: गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. दोन वेगळ्या नमुन्यांची जोड. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधलं कलम 157 म्हणतं की अशी नोंद खरी मानायची, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. नुसत्या महसुली नोंदीने मालकी मिळत नाही, हे कोर्टांनी कितीदा तरी सांगितलं आहे. मालकी बघायची ती खरेदीखतात, वाटणीपत्रात, वारसाहक्कात. आणि हद्द बघायची असेल तर सातबाऱ्यावर ती नसतेच. तिथे फक्त क्षेत्र असतं.

हद्द शब्दांत सापडते ती खरेदीखतात, चतुःसीमेच्या परिच्छेदात. पूर्वेस ओढा, दक्षिणेस शिवरस्ता, पश्चिमेस अमक्यांचा गट, उत्तरेस याच गटातील उर्वरित क्षेत्र. त्याखाली जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह जमीन दिल्याचं वाक्य. हे वाक्य जुन्या इनामपत्रांतून चालत आलंय, आणि आज ते लॅपटॉपवर कॉपी-पेस्ट होतं. मला आधी हा सगळा भाग नुसता अलंकारिक वाटायचा. पण कायद्याचा सर्वसाधारण नियम बघा: दस्तातलं क्षेत्र आणि चतुःसीमा जुळत नसतील, तर वजन चतुःसीमेला. दोन एकर लिहिलंय आणि ओढ्यापासून शिवरस्त्यापर्यंत एक एकर पस्तीस गुंठेच भरतंय, तर तुम्ही घेतलंत ते ओढ्यापासून शिवरस्त्यापर्यंतचं. आकड्यापेक्षा शेजार मोठा.

आता रोव्हर आलाय. उपग्रहांशी बोलणारं यंत्र, काठीवर बसवलेलं, काही सेंटिमीटरच्या आत जागा सांगणारं. मोजणीच्या 'क' प्रतीवर अक्षांश-रेखांश यायला लागलेत. गेल्या वर्षी आमच्या गटाची हद्द कायम मोजणी झाली, तेव्हा मी मुद्दाम रजा टाकून गावी गेलो. भूकरमापक तरुण होता, माझ्याच वयाचा. त्याने रोव्हर लावला, टिपणाशी मेळ घातला, आणि आमचा पश्चिमेचा बांध साडेतीन फूट आमच्याच बाजूला सरकलेला निघाला. बाबांचा चेहरा उजळला. शेजारच्या तात्यांचा पडला, कारण त्या साडेतीन फुटांत त्यांच्या गोठ्याची भिंत येत होती.

मी टिपणाची नक्कल मागून घेतली. त्या बांधाचा लंब लिहिला होता: दोन साखळ्या पाच आणे. म्हणजे 76 फूट आणि वर काही इंच. पण मोजणाऱ्याने आण्याखालचं माप लिहिलेलंच नव्हतं, आणि एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडा जास्त. लंब खरा सव्वापाच आणे असेल किंवा पावणेपाच, कागदाला दोन्ही सारखेच. वर लोखंडी साखळी वापरून वापरून लांबते, खाचखळग्यांत झोळ पडतो. रोव्हर सेंटिमीटर सांगत होता ते त्याच्या आजच्या जागेबद्दल. जुना बांध कुठे होता याबद्दल त्याला टिपणाएवढंच ठाऊक होतं, आणि टिपणाला दोन-तीन फूट इकडेतिकडे ही मोठी गोष्ट नव्हती. ते सारा ठरवायला काढलं होतं. पंचवीस एकरांच्या नंबरात तीन फुटांनी साऱ्यात पैचा फरक पडला नसता. गोठ्याच्या भिंतीत पडतो.

हे मी बाबांना बांधावर बसून आकडे मांडून सांगितलं. ते म्हणाले, "मग मोजणीचे पैसे कशाला भरले?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, बाकीच्या तीन बाजू जुळल्या ना. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्वतःच तात्यांकडे गेले.

या उन्हाळ्यात बाबा आणि दोन्ही काकांचं वाटणीपत्र नोंदवायचं आहे. मसुदा टाइप करायचं काम माझ्याकडे आलंय. प्रत्येक हिस्स्याच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मी परिशिष्टात टाकलेत, क्षेत्र आरमध्ये आणि गुंठ्यांत दोन्हीकडे लिहिलंय. चतुःसीमा मात्र बाबांनी सांगितल्या तशाच ठेवल्या. पश्चिमेला त्यांनी 'गट नंबर' लिहू दिला नाही. तिथे लिहिलंय: तात्यांच्या गोठ्याची भिंत.