गोव्याची न्याहारी आणि पोदेर

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर गव्हाचा पाव तेथील आहारात हळूहळू रुजला. युरोपातले खमीर हाताशी नसल्याने पीठ आंबवण्यासाठी सूर, म्हणजे माडाच्या पोयीतून काढलेला व लवकर आंबणारा रस, वापरली जाऊ लागली आणि ह्याच तडजोडीतून त्या पावाची खरी, अजोड चव घडली. लाकडाच्या भट्टीत पाव भाजून पहाटे तो दारोदार पोचवणाऱ्या पोदेरामुळे न्याहारीला शिस्त आली: पातळ भाजीबरोबर कडक कवचाचा उंडा, चहात बुडवण्यासाठी खुसखुशीत कांकण, तर कोणाला कोंडा लावलेली पोळीच हवी. ही चोखंदळ आवड जपण्याजोगीच आहे. मात्र सूर काढणारे रेंदेर कमी झाल्याने आता बहुतेक भट्ट्यांत पीठ यीस्टनेच आंबवले जाते.