खुणेमागचा शब्द

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत एखादे हुशार पोर गणिताच्या पेपरात मध्येच अडते. हिशेब त्याला येत असतो, पण खूण अनोळखी असते. "हे आम्हांला शिकवलंच नाही," म्हणून ते प्रश्न सोडून देते. अशा पोराला गणितातील खुणांचा इतिहास सांगावा.

भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. त्यातल्या बीजगणितात अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणत, आणि लिहिताना नुसते 'या'. ज्ञात संख्येला 'रूप', म्हणून 'रू'. तेव्हा 'या ३ रू ५' याचा अर्थ, अज्ञात संख्येची तिप्पट आणि वर पाच. संख्या ऋण असली तर तिच्या डोक्यावर टिंब देत. आज तेच टिंब दशांशातल्या अंकावर दिसले, तर तो अंक पुनःपुन्हा येतो असे आपण समजतो!

पेशावरजवळ बख्शाली गावी १८८१ साली भूर्जपत्रांवरची एक जुनी गणिताची पोथी सापडली. तिच्यात अंकापुढे + अशी खूण आहे. पण तिचा अर्थ अधिक नव्हे, ऋण!

आणि बरोबरीच्या दोन रेघा? त्या इंग्लंडातल्या रॉबर्ट रेकॉर्ड या वैद्याने १५५७ साली छापल्या. 'च्या बरोबर आहे' हे शब्द पुनःपुन्हा लिहिण्याचा त्याला कंटाळा आला. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या वस्तू दुसऱ्या कुठल्या, असे त्याचे म्हणणे. तरी ही खूण लगेच रुजली नाही. १६३७ साली फ्रान्सच्या देकार्तने बरोबरीसाठी निराळीच खूण वापरली.

यावरून काय दिसते? खुणेचा अर्थ खुणेत नसतो, माणसांनी आपसांत ठरवलेला असतो. खूण म्हणजे तोकडा केलेला शब्द.

म्हणून गुरुजी, वर्गात कधी आपणच एखादी खूण काढा. फळ्यावर चांदणी काढून सांगा, "पहिल्या संख्येची दुप्पट करा, तीत दुसरी मिळवा." मग ४ ★ ३ म्हणजे ११. आता ३ ★ ४ किती, ते विचारा. उत्तर १० येईल, आणि डावे-उजवे बदलले की उत्तरही बदलू शकते हे मुलांना आपोआप कळेल.

परीक्षेतही पुष्कळदा नव्या खुणेचा अर्थ प्रश्नातच दिलेला असतो. तो शोधावा, खुणेच्या जागी शब्द ठेवून प्रश्न मोठ्याने नाही तर मनात वाचावा, मग लेखणी उचलावी. खुणेला भिऊन येणारे गणित सोडू नये.