वनमानुषाचे बिऱ्हाड

विश्रामबागेत राहणाऱ्या माणसाला बिऱ्हाड हलविणे म्हणजे काय, हे शिकवावयास नको. २००५ साली, २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली कृष्णामाई गावात शिरली, तेव्हा नदीकाठच्या पेठांतली किती तरी कुटुंबे या उंचवट्यावर आली. कोणी देव बरोबर आणले, कोणी शिलाईचे यंत्र, कोणी नुसतेच रेशनकार्ड. त्यांतली काही परत गेली, काही इथलीच झाली. आज या मंडपात दोन्ही प्रकारची माणसे बसलेली आम्हांस दिसत आहेत.

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांची अपेक्षा संपाच्या इतिहासाची असावी. आम्ही सातवीत शाळा सोडली ती मागावर जाण्यासाठी, आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. तेथे वाचता वाचता एका वनमानुषाची हकीकत हाती लागली आणि ती काही केल्या मनातून जाईना. तेव्हा आज संप नाही.

ज्याला इंग्रज ओरँगउटान म्हणतात, त्याचे नाव मूळ मलाई भाषेतले. ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे वन. आपला वनमानुष हा शब्द त्याचे अक्षरशः भाषांतर आहे. बोर्निओ आणि सुमात्रा या दोन बेटांबाहेर हा प्राणी रानात कोठेही सापडत नाही. त्याच्या दोन जाती जुन्याच माहितीतल्या; तिसरी, सुमात्रातील तापानुलीची, २०१७ साली शास्त्रज्ञांनी वेगळी म्हणून मानली. जंगले तोडून तेलमाडाची लागवड झाली आणि तिन्ही जाती नामशेष होण्याच्या काठावर आल्या. मादीला सात-आठ वर्षांतून एकदा पिलू होते आणि तितकी वर्षे ते आईला धरून असते. म्हणून एक आई मारली गेली तर ती तूट भरून यावयास बराच काळ लागतो.

पण आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. हा प्राणी रोज संध्याकाळी झाडावर फांद्या वाकवून, त्या एकमेकींत गुंतवून, वर पाला अंथरून नवे अंथरूण घालतो आणि सकाळी ते टाकून पुढे जातो. म्हणजे रोज नवे बिऱ्हाड, आणि तेही स्वतःच्या हाताने बांधलेले. अशा प्राण्याला दगडी भिंतीची एक खोली दिली, तर आपण त्याला घर दिले की त्याचे घर काढून घेतले, हा प्रश्न उरतोच.

आपल्या मुलखात परदेशी जनावर बाळगण्याचा इतिहास जुना आहे. पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता, आणि सवाई माधवरावांस त्याचा मोठा नाद होता. तेथे सिंह होते, हरणे होती आणि एक गेंडाही होता. हा गेंडा आपणांस माहीत आहे तो गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकारामुळे. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पेशवे दरबारी होता. त्याच्यासाठी गंगारामने १७९० च्या नोव्हेंबरात या गेंड्याचे चित्र काढले. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. आडनावच तांबट, म्हणजे हातोडीच्या घराण्यातला माणूस. त्याच हाताने वेरूळच्या लेण्यांचीही चित्रे काढली. गेंड्याचे चित्र राहिले, चित्रकाराचे नाव राहिले. गेंड्यास रोज चारा घालणाऱ्याचे नाव मात्र कोणत्या रुमालात असेल ते असो.

पेशवाई गेल्यावर त्याच परिसरात १९५३ साली पुणे महानगरपालिकेने प्राणिसंग्रहालय उघडले. त्यास नाव पेशवे पार्क असेच ठेवले. जागा सुमारे सात एकर. १९५६ साली तेथे फुलराणी ही छोटी आगगाडी सुरू झाली आणि पुण्यास जाणारे प्रत्येक मूल त्या गाडीत बसल्याशिवाय परत येईना. आम्ही मात्र तेथे प्रथम गेलो ते मोर्चासाठी पुण्यास गेलो असता. दुपारची सभा लांबली, गाडीस वेळ होता, म्हणून सात-आठजण आत शिरलो. वाघ पिंजऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालीत होता. आमच्यातला एक वहिफणीवाला बराच वेळ पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "ह्याची पण डबल पाळी हाय." आम्ही हसलो. पण परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलले नाही.

सात एकरांत वाघ, अस्वल, हत्ती, माकडे आणि हजारो माणसे. हे फार काळ चालणारे नव्हते. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले आणि जनावरास किती जागा हवी, सावली किती हवी, आडोसा हवा की नको, हे नियमांनी ठरू लागले. गिरण्यांच्या कायद्यात खिडकी किती फुटांवर असावी हे लिहावे लागले, त्यातलाच हा प्रकार. पुण्याबाहेर कात्रज येथे १९८६ साली सर्पोद्यान उभे राहिले होते. त्यास जोडून तळ्याकाठच्या सुमारे १३० एकरांत १९९९ साली राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले. पेशवे पार्कातली जनावरे टप्प्याटप्प्याने तिकडे गेली आणि २००५ साली जुने पिंजरे कायमचे रिकामे झाले.

आता जनावर हलवितात कसे, हे ऐका. यातच खरी कथा आहे. पूर्वी ही माहिती पुस्तकात नसे. ती रखवालदारांच्या हातात असे. पुण्याच्या एका बसप्रवासात शेजारी बसलेल्या निवृत्त रखवालदाराकडून आम्ही ती काढून घेतली. जाण्याच्या दिवशी जनावरास धरून पेटीत घालणे ही सर्वांत वाईट रीत. चांगली रीत अशी, की पेटी आधी काही आठवडे खोलीच्या दाराला भिडवून, दार उघडे टाकून ठेवावयाची. पहिले काही दिवस जनावर तिकडे फिरकतही नाही. मग खाणे पेटीच्या तोंडाशी ठेवावयाचे, मग थोडे आत, मग अगदी मागच्या फळीशी. जनावर आत जाऊन निवांत जेवू लागले, की एक दिवस दार सरकवून पाहावयाचे आणि लगेच उघडावयाचे. त्याला कळले पाहिजे, की दार बंद होते तसे उघडतेही. गुंगीचे औषध शेवटचा उपाय. त्यात पोटातले घशाशी येऊन प्राणी दगावण्याची भीती असते. प्रवास उन्ह टाळून, आणि ओळखीचा माणूस बरोबर. नव्या जागी पोचल्यावर पहिले काही दिवस रात्रीच्या खोलीतच; तिचा वास आणि आवाज अंगवळणी पडला, मग अंगण. "साहेब," तो गृहस्थ म्हणाला, "ढकलून बी नेता येतं. पण मग ते जन्मभर आपल्याकडं पाठ करून बसतं."

आमच्या उमेदीच्या काळात एका गिरणीने कामगारांची जुनी चाळ एका दिवसात रिकामी करून नव्या खोल्या दिल्या होत्या. खोल्या खरोखरच बऱ्या होत्या; पक्के छप्पर, आत नळ. तरी एक म्हातारी सहा महिने रोज पहाटे घागर घेऊन जुन्या नळावर जाई. तो नळ तोडला होता. ती तेथे बसून परत येई. पेटी दाराशी आठवडाभर ठेवावी, हे त्या व्यवस्थापनास सुचले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही मागणीपत्रात लिहावयास सुचले नव्हते. आम्ही फक्त भाडे किती, एवढेच भांडलो.

वनमानुषाच्या बाबतीत ही गोष्ट दसपट अवघड, कारण तो विचार करतो. १८३८ साली मार्च महिन्यात चार्ल्स डार्विन लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला. तेथे जेनी नावाची वनमानुषी जिराफांच्या ऊब दिलेल्या घरात ठेवली होती, कारण तिच्यासाठी निराळे घर नव्हते. रखवालदाराने सफरचंद दाखविले आणि दिले नाही, तेव्हा ती हट्टी पोरासारखी उताणी पडून पाय झाडू लागली; आणि शहाण्यासारखी वागलीस तर देईन असे तो म्हणताच ती गप्प झाली व सफरचंद मिळविले. माणसाच्या उत्पत्तीचा विचार करणाऱ्या डार्विनला या भेटीने पुष्कळ खाद्य पुरविले. त्या रखवालदाराचे नावही आपल्यास सहसा कोणी सांगत नाही.

पुढे १९०७ साली जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक या व्यापाऱ्याने गज काढून टाकून खंदकांचे प्राणिसंग्रहालय उघडले, आणि जगभर त्याचे अनुकरण झाले. याच गृहस्थाने पूर्वी दूरदेशीच्या माणसांचीही तिकीट लावून प्रदर्शने भरविली होती, हे विसरून चालणार नाही. जनावरासमोरचा गज काढणाऱ्याचा हात माणसासमोर कुंपण घालीत होता.

खंदकही वनमानुषास पुरत नाही. त्यात पाणी भरले तर तो बुडतो, कारण त्यास पोहता येत नाही. कोरडा ठेवला तर तो चढण्याच्या युक्त्या शोधतो. बोल्ट हाताने फिरवून काढणे हा त्याचा आवडता उद्योग. १९६८ साली अमेरिकेत ओमाहा येथे फू मांचू नावाचा वनमानुष वरचेवर आपल्या अंगणाबाहेर, झाडावर, सापडू लागला. रखवालदार दार उघडे टाकतात असे वाटून त्यांच्यावरचा अधिकारी कोणास तरी कामावरून काढण्याच्या बेतात होता. शेवटी उघडकीस आले, की फू मांचू वाकविलेल्या तारेच्या तुकड्याने कुलूप सोडवितो आणि ती तार गालात लपवून ठेवतो. अमेरिकेतील कुलूपकारांच्या संघटनेने त्यास मानद सभासद करून घेतले. आमच्या धंद्यात इतका हुशार सभासद आम्हांस मिळाला नाही. पण थट्टा बाजूस ठेवा. तार सापडली नसती, तर कोणा गरिबाची रोजी गेली असती, आणि चौकशीच्या कागदावर कारण लिहिले असते, निष्काळजीपणा.

आता मूळ हकीकत. पुण्याच्या प्राणिसंग्रहालयात बिन्नी नावाची वनमानुषी होती. २००३ च्या नोव्हेंबरात तिला ओरिसात भुवनेश्वरजवळच्या नंदनकानन येथे हलविण्यात आले. वय तेव्हा सुमारे पंचवीस. अंतर दीड हजार किलोमीटरांच्या वर. नंदनकानन हे १९६० साली स्थापन झालेले, जंगलाच्या कुशीतले, पुष्कळ ऐसपैस संग्रहालय. जागेच्या दृष्टीने पाहिले तर तिचे भलेच झाले असे कोणीही म्हणेल. परंतु तेथे तिच्या जातीचे दुसरे कोणी मिळाले नाही. पुढे तर साऱ्या भारतातली ती एकटीच वनमानुषी म्हणून ओळखली जाऊ लागली. लोक लांबून तिला पाहावयास येत, आणि ती सबंध देशात आपल्यासारखा एकही चेहरा पाहू शकत नव्हती. रानातही वनमानुष बहुधा एकटे हिंडतात, हे खरे. पण दूरवरून नराची हाक येते. कोठे तरी कोणी आहे, एवढे कळते. २०१९ च्या मे अखेरीस, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, आजारपणात बिन्नी गेली. त्याच वर्षी ऑगस्टात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि आपण सर्व आपापल्या बिऱ्हाडांत गुंतलो.

त्याच २०१९ साली अर्जेंटिनातील ब्युनोस आयरिसच्या संग्रहालयातली सांद्रा ही वनमानुषी अमेरिकेत फ्लोरिडास नेण्यात आली. तिच्या बाजूने तेथील न्यायालयात दावा चालला होता, आणि तिला काही हक्क आहेत असे न्यायाधीशांनी मान्य केले होते. फ्लोरिडात मात्र तिला आपल्या जातीची सोबत मिळाली. दोन प्रवास, दोन शेवट. फरक अंगणाच्या लांबीरुंदीत नव्हता.

आपल्या शेजारी, नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण २०२५ च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशाने जामनगरास नेली, तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडची माणसे रस्त्यावर आली. तिच्या पायांचे आजार दाखविणारेही खरे बोलत होते आणि तिच्यासाठी रडणारेही खोटे रडत नव्हते. आम्हांस त्या दिवसांत प्रश्न पडला तो निराळा. पेटी दाराशी किती दिवस ठेवली होती?

बसमधल्या त्या रखवालदारास आम्ही बिन्नीची गोष्ट विचारली. तिच्याकडे त्याची नेमणूक कधी नव्हती. तो हरणांकडे असे. पण गोष्ट त्यास माहीत होती. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला आणि मग त्यानेच आम्हांस विचारले, "तिकडं तिला कुठल्या भाषेत हाक मारीत असतील?" आम्ही म्हटले, उडियातच असणार. त्याने बोटांवर वर्षे मोजली. "सोळा वर्षं," तो म्हणाला, "शिकली असंल." स्वारगेट आले. त्याने पिशवी उचलली आणि उतरताना पुन्हा म्हणाला, "पहिलं वर्ष अवघड गेलं असंल पण."